खारट घाम, चिकट कफ आणि चिवट जंतू

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंचा विषय निघाला की वर्गात एक वाक्य सर्रास ऐकू येते : "जंतूंना औषधाची सवय होते." वाक्य सोपे आहे, लक्षात राहणारे आहे आणि विद्यार्थ्यांना ते लगेच पटते. व्यसनी माणसाला जशी हळूहळू जास्त मात्रा लागते, तसेच जंतूंचेही होत असेल, अशी सांगड त्यांच्या मनात आपोआप घातली जाते. पण हे वाक्य शास्त्राच्या कसोटीवर कितपत उतरते?

ते पाहायचे तर एकाच माणसाच्या शरीरात एकाच जंतूच्या पिढ्यानपिढ्या आपल्याला सलग पाहता यायला हव्यात. साध्या न्यूमोनियात अशी संधी मिळत नाही. पंधरवड्यात रुग्ण बरा होतो किंवा दगावतो आणि जंतूची गोष्ट तिथेच संपते. सिस्टिक फायब्रोसिस नावाच्या आनुवंशिक आजारात मात्र फुप्फुसांत शिरलेला जंतू दहा, वीस, कधी तीस वर्षेही मुक्काम ठोकून राहतो. त्या सगळ्या काळात त्याच्यावर औषधांचा मारा चालू असतो आणि रुग्णाच्या बेडक्याचे नमुने प्रयोगशाळेत जात असतात. जंतू औषधांना कसकसे पुरून उरतात याची इतकी तपशीलवार नोंद माणसाच्या शरीरातून क्वचितच कुठे मिळाली असेल. ह्या लेखात आपण तीच नोंद सुरुवातीपासून वाचणार आहोत.

आजाराला नाव मिळाले

ज्या बाळाच्या कपाळाची पापी घेताना खारट चव लागते ते बाळ फार दिवस जगत नाही, अशी समजूत युरोपात कित्येक शतके होती. तिच्यामागचे कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये डोरोथी अँडरसन ह्या विकृतिशास्त्रज्ञ काम करीत. अन्न न पचल्यामुळे खंगून दगावलेल्या काही बालकांच्या शवविच्छेदनात त्यांना एक वेगळीच गोष्ट आढळली. ह्या बालकांच्या स्वादुपिंडात द्रवाने भरलेल्या लहान लहान पोकळ्या होत्या आणि त्यांच्याभोवती तंतुमय ऊतक माजले होते. फुप्फुसांतील श्वासनलिका चिकट कफाने आणि पुवाने भरल्या होत्या. इ. स. १९३८ मध्ये अँडरसन यांनी हा स्वतंत्र आजार असल्याचे दाखवून दिले. पोकळ्या म्हणजे 'सिस्ट' आणि तंतुमयता म्हणजे 'फायब्रोसिस', यांवरून त्याला नाव मिळाले.

खारट चवीचा उलगडा व्हायला आणखी पंधरा वर्षे लागली. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. उष्माघाताने रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांमध्ये ह्या आजाराची मुले बरीच होती. याच मुलांना उष्मा इतका का बाधावा, ह्या प्रश्नाचा माग काढत पॉल दी सांत आन्येसे ह्या डॉक्टरांनी १९५३ मध्ये दाखवले की त्यांच्या घामात मीठ नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असते. आजही ह्या आजाराचे निदान प्रामुख्याने घामातील क्लोराइड मोजूनच केले जाते.

१९८९ साली लाप-ची त्सुई, फ्रान्सिस कॉलिन्स आणि जॉन रिऑर्डन यांच्या गटांनी सातव्या गुणसूत्रावरील दोषी जनुक शोधून काढले. ह्या जनुकापासून १४८० अमिनो आम्लांचे एक प्रथिन बनते. पेशीच्या पटलात बसून ते क्लोराइड आयनांना ये-जा करू देते. त्याला पेशीचे दारच म्हणा ना. हे दार बिघडले की श्वासनलिकांच्या अस्तरावर पुरेसे पाणी येत नाही आणि कफ घट्ट होतो. आपण श्वासावाटे धूळ आणि जंतू आत घेतो. निरोगी माणसाच्या श्वासनलिकेतील सूक्ष्म केसल पातळ कफासह ते सतत वर, घशाकडे ढकलत असतात. कफ घट्ट झाला की ही झाडलोट थांबते, कचरा साचतो आणि त्यात जंतू ठाण मांडतात.

बिघडलेले जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आले तरच आजार होतो. आईवडील स्वतः निरोगी वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मेंडेलचे नियम शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडावे.

पेनिसिलिनचा फवारा

१९४० च्या दशकात बहुतेक रुग्ण शाळेत जाण्याच्या वयापर्यंतही पोहोचत नसत. फुप्फुसांत मुख्यतः सापडे तो पिवळसर सोनेरी वसाहती करणारा जिवाणू, स्टॅफिलोकॉकस ऑरियस. नेमके याच काळात पेनिसिलिन हाती आले. दी सांत आन्येसे आणि अँडरसन यांनी ह्या मुलांना पेनिसिलिन फवाऱ्याच्या रूपात, श्वासावाटे देऊन पाहिले आणि १९४६ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. एरवी हाताबाहेर गेलेली मुले सावरू लागली. ह्या आजाराच्या इतिहासातला हा पहिला आशेचा क्षण होता.

पण पेनिसिलिन औषध म्हणून रुळण्यापूर्वीच, १९४० साली, एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी पेनिसिलिनचा नाश करणारे विकर एका जिवाणूत सापडल्याचे जाहीर केले होते. म्हणजे शत्रूची ढाल आपल्या तलवारीच्या आधीच तयार होती! लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी याची मोजदाद केली. १९४६ मध्ये तिथल्या स्टॅफिलोकॉकसच्या नमुन्यांपैकी सुमारे १४ टक्के पेनिसिलिनला दाद देत नव्हते. १९४८ मध्ये हे प्रमाण निम्म्याच्या वर गेले.

पुढे स्टॅफिलोकॉकसवर नवी औषधे येत गेली. १९५९-६० मध्ये आलेले मेथिसिलिन हे ह्या विकराला न जुमानणारे पेनिसिलिन होते. १९६१ मध्ये त्यालाही दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस इंग्लंडमध्ये सापडला. तरीही एकंदरीत ह्या आजाराच्या मुलांचे आयुष्य वाढू लागले. मुले शाळेत जाऊ लागली, मोठी होऊ लागली. इथून गोष्टीला वेगळे वळण लागते.

रिकाम्या जागेचा नवा भाडेकरू

१९६० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आले की ह्या मुलांच्या बेडक्यात आता दुसराच एक जिवाणू वारंवार दिसू लागला आहे. त्याचे नाव स्यूडोमोनास एरुजिनोजा. कार्ल जेसार ह्या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये तो निळसर हिरव्या पुवातून वेगळा केला होता. तांब्यावर चढणाऱ्या हिरव्या गंजाच्या लॅटिन नावावरून त्याचे नाव पडले आहे. माती, साचलेले पाणी, नळ, मोऱ्या अशा ओलसर जागी तो सर्वत्र असतो. निरोगी फुप्फुसाला त्याच्यापासून फारसा धोका नाही. आपण सगळेच त्याला श्वासावाटे आत घेतो आणि बाहेर टाकतो.

हा जिवाणू पेनिसिलिनला पूर्वीही दाद देत नव्हता. त्याच्या बाहेरच्या आवरणातील छिद्रे अरुंद असतात, त्यामुळे औषध मुळात आत कमी शिरते. जे शिरते त्यातले बरेचसे आवरणातील प्रथिनांचे पंप बाहेर फेकून देतात. शिवाय पेनिसिलिनच्या जातीची औषधे फोडणारे विकर तयार करणारे जनुक त्याच्याजवळ उपजतच असते. म्हणून एका भाडेकरूला हुसकावल्यावर ती जागा अशा दुसऱ्याने बळकावली, की ज्याला ते औषध मुळातच बाधत नव्हते.

रोग्याचे वय वाढले म्हणून हा जिवाणू दिसू लागला, की स्टॅफिलोकॉकस हटवल्यामुळे, असा वाद साहजिकच झाला. दोन्ही कारणांत तथ्य आहे. अमेरिकेत लहान बाळांना काही वर्षे रोज सेफॅलेक्सिन हे स्टॅफिलोकॉकसविरोधी औषध देऊन एक चाचणी घेतली गेली. तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्या मुलांत स्टॅफिलोकॉकस कमी आढळला, स्यूडोमोनास मात्र जास्त आढळला. आणि मुलांच्या प्रकृतीत लक्षणीय फायदा दिसला नाही.

स्यूडोमोनासवरही औषधे सापडली. जेंटामायसिन १९६३ मध्ये, कार्बेनिसिलिन १९६७ मध्ये, त्यानंतर टोब्रामायसिन, १९८० च्या दशकात सेफ्टाझिडीम आणि पोटात घेता येणारे सिप्रोफ्लॉक्सासिन. प्रत्येक औषधाने आयुष्याची काही वर्षे मिळवून दिली, हे विसरता कामा नये. तरीही एकदा का हा जिवाणू फुप्फुसांत स्थिरावला, की तो कायमचा नाहीसा झाला असे सहसा घडत नसे. प्रयोगशाळेतील बशीत ज्या औषधाने तो मरे, तेच औषध फुप्फुसांत भरपूर देऊनही तो उरे. याचे कारण काय असावे?

बुळबुळीत कवच

एक सुगावा फार आधीच मिळाला होता. ह्या रुग्णांच्या बेडक्यातून वाढवलेल्या स्यूडोमोनासच्या वसाहती नेहमीसारख्या चपट्या दिसत नसून चकचकीत, बुळबुळीत थेंबांसारख्या दिसत. हा बुळबुळीत पदार्थ म्हणजे अल्जिनेट, समुद्री शेवाळात मिळणाऱ्या आणि आइस्क्रीम दाट करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पदार्थाचाच भाऊबंद, हे १९६० च्या दशकात समजले.

कोपनहेगनचे नील्स हॉइबी आणि कॅनडातील कॅलगरीचे बिल कॉस्टर्टन यांच्या गटांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत सूक्ष्मदर्शकाखाली फुप्फुसांतील जिवाणू पाहिले. ते सुटे नव्हते. चिकट पदार्थात रुतलेले त्यांचे पुंजकेच्या पुंजके होते. अशा रचनेला पुढे बायोफिल्म हे नाव रूढ झाले. मोरीच्या फरशीवर जो निसरडा थर साचतो, तो बायोफिल्मच होय. वरून पाणी ओतून तो जात नाही, हा आपला रोजचा अनुभव आहे.

ह्या थराच्या आत प्राणवायू जेमतेम पोहोचतो. जिवाणू उपाशी, सुस्त असतात आणि फार सावकाश वाढतात. आता औषधे कशी काम करतात ते आठवू. पेनिसिलिनच्या जातीची औषधे जिवाणूची पेशीभित्तिका बांधण्याचे काम बिघडवतात. जो भिंत बांधतच नाही, त्याचे काय बिघडवणार? टोब्रामायसिनसारखे औषध पेशीत ओढले जाण्यासाठी जिवाणूचा श्वसनव्यवहार जोमात चालू असावा लागतो. प्राणवायूच नसेल तर औषध आत जाणार कसे? म्हणून सुट्या जिवाणूंना मारणारी मात्रा बायोफिल्ममधील जिवाणूंना शेकडो पटींनी अपुरी पडू शकते.

इथे एक बारकावा आहे. बायोफिल्ममधून जिवाणू सुटे करून पुन्हा वाढवले, तर त्यांपैकी बरेचसे त्याच औषधाला पूर्वीसारखेच बळी पडतात. म्हणजे त्यांच्या जनुकांत बदल झालेला नव्हता. ते राहत होते ती जागा त्यांना वाचवत होती. औषधाला पुरून उरण्याचे दोन वेगळे मार्ग आपल्यासमोर आले : एक जिवाणूच्या जनुकांतला, वारशाने पुढच्या पिढीत जाणारा, आणि दुसरा परिस्थितीतला. पहिल्याला प्रतिरोध म्हणावे आणि दुसऱ्याला सहनशीलता. फुप्फुसांत हे दोन्ही हातात हात घालून चालतात. बुळबुळीत पदार्थाचे अतोनात उत्पादन हेही बहुधा एका जनुकातील उत्परिवर्तनामुळे होते, असे १९९३ मध्ये दिसून आले.

स्थिरावलेला जिवाणू हटवता येत नाही, हे ओळखून कोपनहेगनच्या केंद्राने दोन मार्ग अवलंबले. ज्यांच्या फुप्फुसांत तो कायमचा होता, त्यांना १९७६ पासून त्रास होण्याची वाट न पाहता दर तीन महिन्यांनी दोन आठवडे शिरेवाटे औषधे दिली जाऊ लागली. आणि ज्यांच्या बेडक्यात तो नुकताच, पहिल्यांदा दिसला, त्यांच्यावर लगेच उपचार सुरू करून पाहण्यात आले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या लहानशा चाचणीत सिप्रोफ्लॉक्सासिन पोटात आणि कोलिस्टिन श्वासावाटे देण्यात आले. उपचार मिळालेल्या १४ रुग्णांपैकी दोघांतच जिवाणू कायमचा स्थिरावला. न मिळालेल्या १२ पैकी सात जणांत तो स्थिरावला. बायोफिल्मची भिंत उभी राहण्याआधीच गाठले, तर जिवाणूला हटवता येते, हा धडा आज जगभर पाळला जातो.

कांद्यावरचा जंतू आणि बंद पडलेली शिबिरे

कोपनहेगनमध्येच १९८३ साली एक धक्का बसला. अनेक औषधांना दाद न देणारा स्यूडोमोनासचा एकच वाण केंद्रातल्या बऱ्याच रुग्णांत आढळला. प्रत्येकाने आपापला जंतू माती-पाण्यातून मिळवला असता, तर वाण वेगवेगळे असायला हवे होते. याचा अर्थ, तो एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे गेला होता. उत्तम उपचारांसाठी सर्वांना एका छताखाली आणणारे केंद्रच प्रतिरोधी वाणाच्या प्रवासाचे स्टेशन ठरले होते. त्यानंतर कोणाच्या फुप्फुसांत कोणता जंतू आहे यानुसार रुग्णांना वेगवेगळे ठेवण्यात आले. १९९६ मध्ये लिव्हरपूलच्या बालरुग्णालयातूनही अशीच बातमी आली. तिथला वाण सेफ्टाझिडीमला जुमानत नव्हता.

याहून भयंकर गोष्ट एका कांदा-जंतूची आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे वनस्पतिरोगतज्ज्ञ वॉल्टर बर्कहोल्डर यांनी १९५० मध्ये कांदा सडवणाऱ्या एका जिवाणूचे वर्णन केले. कांद्याच्या लॅटिन नावावरून त्याला 'सेपेशिया' म्हटले गेले. आज त्याचे नाव बर्कहोल्डेरिया सेपेशिया असे आहे. शेतकऱ्यांपुरता मर्यादित वाटणारा हा जिवाणू १९८४ मध्ये टोरांटोच्या डॉक्टरांनी सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांतील नवे संकट म्हणून जगापुढे मांडला. काही रुग्णांत तो शिरताच तीव्र ताप येई आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मृत्यू ओढवे. स्यूडोमोनासवर चालणारे कोलिस्टिन त्याला बाधत नाही. पेनिसिलिनचा एक प्रकार तर तो चक्क अन्न म्हणून वापरू शकतो, हे १९७९ मध्ये प्रयोगशाळेत दिसले होते!

हा जिवाणू पसरतो कसा? उत्तर वेदनादायक होते. ह्या आजाराच्या मुलांसाठी उत्तर अमेरिकेत उन्हाळी शिबिरे भरत. शाळेत एकट्या पडणाऱ्या, सतत खोकणाऱ्या, मूठमूठ गोळ्या घेणाऱ्या मुलांना तिथे आपल्यासारखी दुसरी मुले भेटत. ह्या शिबिरांतून आणि मैत्रीतूनच जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जात असल्याचे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पष्ट झाले. एडिंबरोच्या जॉन गोवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये असाच निष्कर्ष काढला. शिबिरे बंद होत गेली. अमेरिकेतील सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनच्या २०१३ च्या सूचनांनुसार अशा दोन रुग्णांनी एकमेकांपासून किमान सहा फूट अंतर राखावे.

प्रतिरोधी जंतूंची किंमत आपण एरवी पैशांत किंवा मृत्यूंच्या आकड्यांत मोजतो. इथे ती आणखी एका मापाने मोजावी लागते. ज्यांना एकमेकांचे दुःख सर्वांत चांगले कळले असते, त्यांनाच एकमेकांजवळ बसता येत नाही.

चुका करणारे जंतू

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. औषध दिल्यामुळे जंतूत बदल घडतो, की बदल आधीच झालेला असतो? साल्व्हादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये विषाणूंना न जुमानणाऱ्या जिवाणूंवर प्रयोग करून दाखवले की असे बदल विषाणूशी गाठ पडण्याआधीच, आपोआप, अधूनमधून होत असतात. १९५२ मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी मखमलीच्या तुकड्याने एका बशीतील वसाहतींचे ठसे दुसऱ्या बश्यांवर उमटवून तीच गोष्ट आणखी सोप्या रीतीने सिद्ध केली. औषध प्रतिरोधी जंतू निर्माण करत नाही. ते बाकीच्यांना मारून त्याला मोकळे रान देते.

थोडे गणित करू. समजा, एखाद्या औषधाला दाद न देणारा बदल एक कोटी जिवाणूंत एकात होतो. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाच्या एक मिलिलिटर बेडक्यात दहा कोटी किंवा त्याहून जास्त स्यूडोमोनास असू शकतात. म्हणजे औषधाचा पहिला थेंब पडण्याआधीच, चमचाभराहूनही कमी बेडक्यात, प्रतिरोधी जिवाणू दहा तरी असतील. विद्यार्थ्यांना हे गणित फळ्यावर जरूर करायला द्यावे.

पण ह्या फुप्फुसांत याहूनही चमत्कारिक काहीतरी चालले होते. माद्रिदच्या अंतोनियो ओलिव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ३० रुग्णांचे स्यूडोमोनास तपासले. एकतृतीयांशाहून अधिक रुग्णांत असे वाण आढळले, की ज्यांत उत्परिवर्तनाचा वेग नेहमीच्या कित्येक पट होता. ह्या आजाराशी संबंध नसलेल्या ७५ रुग्णांच्या स्यूडोमोनासमध्ये मात्र असा एकही वाण सापडला नाही. डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच ह्या वाणांत बिघडली होती.

चुका जास्त करणारा जिवाणू एरवी मागे पडायला हवा, कारण बहुतेक चुका घातकच असतात. पण जिथे दर काही आठवड्यांनी नवे औषध येऊन आदळते, तिथे हजार चुकांतली एखादी उपयोगी चूक वंश तारून नेते आणि तिच्यासोबत चुका करण्याची खोडही पुढे जाते. इथे जिवाणूने काही ठरवून केलेले नाही. निवड फक्त उरलेल्यांची होते.

२००६ मध्ये सिॲटलच्या शास्त्रज्ञांनी एकाच मुलाच्या फुप्फुसांतील स्यूडोमोनासचे दोन नमुने संपूर्ण जनुकसंचयासह वाचले. एक मूल सहा महिन्यांचे असतानाचा आणि दुसरा ते आठ वर्षांचे झाल्यानंतरचा. त्याच वंशातील जिवाणूत मधल्या काळात ६८ उत्परिवर्तने साठली होती. औषध बाहेर फेकणाऱ्या पंपांचे नियंत्रण करणाऱ्या जनुकांत बदल झाले होते. आणखी एक गोष्ट लक्षणीय होती : ताज्या संसर्गात शरीरावर हल्ला चढवण्यासाठी लागणारी काही जनुके निकामी झाली होती. हल्लेखोर आता घरकरी झाला होता. उत्क्रांती लाखो वर्षांनीच दिसते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. ती एका मुलाच्या छातीत, पहिलीत जाण्याच्या वयाच्या आसपास, घडून गेली होती.

बशीतले उत्तर

रुग्णाच्या जंतूवर कोणते औषध चालेल, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत बशीवर औषधाच्या चकत्या ठेवून तपासणी करतात. बहुतेक संसर्गांत ह्या तपासणीचा मोठा उपयोग होतो. सिस्टिक फायब्रोसिसमधील जुनाट स्यूडोमोनासच्या बाबतीत मात्र तिचे निष्कर्ष आणि रुग्णाची प्रकृती यांचा मेळ नीट बसत नाही, असे २००३ मध्ये दाखवले गेले. औषधांच्या जोड्या तपासून उपचार ठरवले तर बरे, असे वाटले होते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यानेही फायदा झाला नाही.

आतापर्यंतचा इतिहास ज्याने वाचला, त्याला याचे नवल वाटणार नाही. बशीत सुटे, भरपूर प्राणवायू मिळालेले, जोमाने वाढणारे जिवाणू असतात. फुप्फुसांत पुंजक्यातले, सुस्तावलेले. बशीत एका वसाहतीची तपासणी होते. फुप्फुसांत एकाच पूर्वजाचे अनेक बदललेले वंशज शेजारी शेजारी नांदत असतात. याच कारणाने औषध थेट जागेवर, भरपूर प्रमाणात पोहोचवण्याचा मार्ग पुन्हा पुढे आला. श्वासावाटे घ्यायच्या टोब्रामायसिनला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. अठ्ठावीस दिवस औषध आणि अठ्ठावीस दिवस विश्रांती, असा त्याचा क्रम ठरला. १९४६ चा पेनिसिलिनचा फवारा असा अर्ध्या शतकाने वेगळ्या रूपात परतला.

आजची स्थिती

मूळ दोषावरच उपाय करणारी औषधे एकविसाव्या शतकात आली. बिघडलेल्या प्रथिनाला कामाला लावणारे पहिले औषध २०१२ मध्ये आणि तीन औषधांचे अधिक परिणामकारक मिश्रण २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. कफ पातळ झाला, खोकला कमी झाला, घामातले मीठही उतरले. जंतूंची संख्या घटली. पण अनेक वर्षे स्थिरावलेला स्यूडोमोनास बऱ्याच रुग्णांत कमी प्रमाणात का होईना, उरलाच. अमेरिकेतील नोंदींवरून आज तिथे जन्मणाऱ्या ह्या आजाराच्या मुलांचे अपेक्षित आयुष्य साठीच्या पुढे गेले आहे. हे यश मोठे आहे. पण २०१९ साली ह्या मिश्रणाची तिथली किंमत वर्षाला सुमारे तीन लाख डॉलर होती. जिथे ते परवडत नाही, तिथे भिस्त अजूनही प्रतिजैविकांवरच आहे.

आपल्या देशात हा आजार होत नाही असे फार काळ मानले जाई. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून भारतीय डॉक्टरांनी रुग्णांची नोंद करायला सुरुवात केली आणि हा समज चुकीचा ठरला. वारंवार न्यूमोनिया होणारे आणि वाढ खुंटलेले मूल आपल्याकडे आधी कुपोषणाचे किंवा क्षयाचे वाटते. घामाची तपासणी सगळीकडे होत नाही, त्यामुळे निदान उशिरा होते. तोवर जंतू स्थिरावलेला असतो, आणि उशिराची किंमत काय असते ते आपण वर पाहिले.

नवे मार्गही शोधले जात आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तान्तात लंडनमधील पंधरा वर्षांच्या मुलीची हकिकत आहे. फुप्फुसे बदलल्यानंतर तिच्या शरीरात मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस हा क्षयाच्या जंतूचा नातलग पसरला आणि कोणतेही औषध चालेना. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रॅहॅम हॅटफुल यांच्याकडे जिवाणू खाणाऱ्या विषाणूंचा मोठा संग्रह होता. त्यांतले तीन विषाणू तिला देण्यात आले आणि तिची प्रकृती लक्षणीयरीत्या सुधारली. त्यांपैकी एक दक्षिण आफ्रिकेतील डर्बनमध्ये सडक्या वांग्यावर सापडला होता. हा संग्रह मुख्यतः पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी, शिकण्याचा भाग म्हणून, माती आणि कुजका पालापाचोळा तपासून जमवलेला आहे. विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीतली नोंद कधी कुणाच्या उपयोगी पडेल, ते सांगता येत नाही.

वर्गात सांगताना

तर मग "जंतूंना औषधाची सवय होते" ह्या वाक्याऐवजी काय सांगावे? आमच्या मते तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, प्रतिरोधी होतो तो जंतू, माणूस नव्हे. "मला आता हे औषध लागू पडत नाही" असे म्हणणाऱ्याच्या शरीरात बदल झालेला नसून त्याच्यातल्या जंतूंची वस्ती बदललेली असते. दुसरी, कोणताही एक जंतू सवय लावून घेत नाही. लाखो-कोटी जंतूंत आधीच वेगळे असलेले थोडे उरतात आणि वाढतात. तिसरी, जंतू कुठे आणि किती काळ राहतो यावर बरेच अवलंबून असते. झाडलोट बंद पडलेल्या, साचलेल्या जागेत वर्षानुवर्षे राहिलेल्या जंतूला हटवणे कठीण, नुकताच शिरलेला असताना हटवणे सोपे. क्षयामुळे किंवा अन्य कारणाने श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या रुग्णांनाही हेच लागू पडते, आणि असे रुग्ण आपल्या आसपास पुष्कळ आहेत.

'सवय' ह्या शब्दाने विद्यार्थ्याची समजूत अशी होते की औषध जितके कमी घ्यावे तितके बरे, मग ते मध्येच सोडले तरी चालेल. 'निवड' हा शब्द त्याला समजला, तर औषध गरज असेल तेव्हाच का घ्यावे, आणि घेतले की डॉक्टरांनी सांगितले तसेच का घ्यावे, हे त्याचे त्यालाच उमगेल.